शक्तिमानचा गिअरबॉक्स: डाग नाही, तरी ऑइल कमी

शक्तिमान म्हणजे लिलावातून आलेला माझा जुना लष्करी ट्रक. मागच्या नोंदीत म्हटलं होतं, की त्याचा गिअरबॉक्स ऑइलने फुल आहे, आता ट्रान्सफर केसकडे (गिअरबॉक्समधून आलेली ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटून देणाऱ्या पेटीकडे) वळतो. ते मागे घेतो. गिअरबॉक्स फुल नव्हता, मला तसा दिसत होता.

अंबडला जिथे गाडी लावतो तिथला कोबा पावसाचं पाणी गटाराकडे जावं म्हणून ढाळ देऊन केलाय, आणि गाडीची लेव्हल प्लगची (ऑइल भरायच्या आणि त्याची पातळी बघायच्या बुचाची) बाजू नेमकी ढाळाकडे, म्हणजे खाली असायची. प्लग उघडला की ऑइल ओठाशी दिसायचं, एखादा थेंब बाहेरही यायचा. मी समाधानाने प्लग आवळायचो. परवा गाडी तोंड फिरवून लावली, प्लग काढला, करंगळी आत घातली तर अर्धं पेर कोरडं! शेजारच्या बांधकामावरच्या गवंड्याकडून पाण्याची पारदर्शक नळी आणली आणि चेसिसच्या दोन्ही बाजूंना धरून पाहिली. एवढ्याशा रुंदीत सव्वा इंचाचा फरक होता. आता कोब्यावर खडूने चार चाकांच्या जागा आखल्यात, खालच्या बाजूला फळ्या ठेवतो आणि नळीतलं पाणी सारखं झाल्याशिवाय पान्याला हात लावत नाही.

सपाटीत पाहिल्यावरही ऑइल कमीच आहे हे कळलं, पण गेलं कुठे? खाली डाग नव्हता. रात्रभर पुठ्ठा अंथरून ठेवला, सकाळी तो कोरडा. शेवटी देवळालीच्या काकांना बोलावलं. ते ईएमईतून, म्हणजे लष्कराच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या शाखेतून निवृत्त झालेत, अशा गाड्यांखाली त्यांचं अर्धं आयुष्य गेलंय. त्यांनी जमिनीकडे बघितलंच नाही. टॉर्च घेऊन खाली सरकले आणि म्हणाले, "अरे, वर बघ." गिअरबॉक्सच्या मागच्या फ्लँजच्या (शाफ्ट जोडायच्या फिरत्या चकतीच्या) बरोब्बर वर, क्रॉस मेंबरवर (चेसिसच्या आडव्या पट्टीवर) हाताएवढा रुंद काळा पट्टा, ऑइलमध्ये धूळ बसून मेणासारखा झालेला. गाडी उभी असताना थेंबही गळत नाही. चालताना गरम ऑइल शाफ्टभोवतीच्या रबरी सीलमधून येतं आणि फिरणारा फ्लँज ते वर उडवतो.

मी लगेच सील बदलायला निघालो होतो. काकांनी थांबवलं. "आधी ब्रीदर बघ, नाहीतर नवं सीलही तेच करेल." ब्रीदर म्हणजे आतली हवा ये-जा करायची भोकं असलेलं छोटं बूच, ते गिअरबॉक्सच्या वरच्या झाकणावर आहे. लिलावापूर्वी कुणीतरी गाडीवर हिरव्या रंगाचे हात मारले होते, त्यात त्याची भोकं पार बुजली होती. गिअरबॉक्स तापला की आतली हवा फुगते. तिला वाट नसली की ती ऑइलला सीलच्या ओठातून बाहेर ढकलते. गार होताना उलटं होतं, बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. इगतपुरीच्या पावसात चालणाऱ्या गाडीत ऑइल दुधाळ होतं ते असंच. ब्रीदर रात्रभर डिझेलमध्ये भिजत ठेवला, बारीक तारेने भोकं मोकळी केली, हवा मारली. तोंडाने फुंकर सहज आरपार जायला लागली तेव्हाच बसवला.

हात लागलाच आहे तर जुनं ऑइलही काढलं. वरचा भरायचा प्लग (तोच लेव्हल प्लग) सुटतो याची खात्री करूनच तळाचा ड्रेन प्लग उघडायचा. वरचा गंजून अडकला असेल तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसावं लागतं. गाडी दहा-बारा किलोमीटर फिरवून आणली, म्हणजे ऑइल पातळ होऊन गाळासकट उतरतं. ड्रेन प्लगवर करडी मऊ पेस्ट होती, ती नेहमीची झीज. कपच्या असत्या तर गिअरबॉक्स उघडावाच लागला असता. लोहचुंबकाला पितळ चिकटत नाही, म्हणून ऑइल पांढऱ्या थाळीत ओतून उन्हात हलवून पाहिलं. सोनेरी चमक दिसली नाही, जीव भांड्यात पडला.

नवं भरलं ते ९० नंबर जाडीचं, जीएल-४ दर्जाचं गिअर ऑइल. दुकानदार जीएल-५ 'त्याहून भारी' म्हणून पुढे करत होता. डिफरन्शियलला ते ठीक, पण जुन्या गिअरबॉक्समधल्या पितळेला आणि काशाला त्यातली जास्तीची गंधक-फॉस्फरसची रसायनं खाऊ शकतात. नंबरावरूनही गोंधळ होतो. गिअर ऑइलची मोजपट्टी वेगळी असते, त्यातलं ९० साधारण इंजिन ऑइलच्या ४०-५० इतकंच जाड असतं. पिचकारीने ओठापर्यंत भरलं आणि जास्तीचं आपोआप गळून थांबेपर्यंत वाट पाहिली. ओठाच्या वर भरलं तर दाते ते घुसळून फेस करतात. दोन्ही प्लगना तांब्याचे नवे वायसर टाकले.

सील अजून जुनंच आहे. क्रॉस मेंबर डिझेलने पुसून लख्ख केलाय आणि त्यावर पांढऱ्या खडूची जाड रेघ मारलीय. रविवारी त्र्यंबकेश्वरला जाऊन येतो. परत आल्यावर रेघ काळी झाली असेल तर सील बदलायचं, पांढरी राहिली तर ट्रान्सफर केस उघडायला घ्यायची.