पाण्यावरचा रस्ता

काही वर्षांपूर्वी एका जुन्या इंग्रजी सागरी प्रवासवर्णनातील उताऱ्याचे मराठी भाषांतर करण्याचे काम मी अंगावर घेतले होते. काम हलके वाटले होते, पण तिसऱ्याच परिच्छेदात एका वाक्याशी मी अडलो. वादळाची चिन्हे दिसताच आठ जहाजे 'रोड्स'मध्ये नांगर टाकून उभी राहिली, असे ते वाक्य सांगत होते. जहाजे रस्त्यांवर कशी उभी राहतील, आणि राहिलीच तर नांगर कशात रुतेल, हे काही केल्या उलगडेना. आधी मला छापखान्याची चूक वाटली, मग लेखकाच्या शुद्धीविषयी शंका आली, आणि सर्वांत शेवटी, म्हणजे जे सर्वांत आधी करायला हवे होते ते सुचून, मी शब्दकोश उघडला.

कोशाने माझी चांगलीच जिरवली. 'रोड' या शब्दाचा 'रस्ता' हा अर्थ मी बालवाडीपासून गृहीत धरून चाललो होतो, आणि तो अर्थ त्या शब्दाच्या आयुष्यात फार उशिरा, सोळाव्या शतकाच्या अखेरीस रुजलेला निघाला. त्यापूर्वी शेकडो वर्षे हा शब्द इंग्रजीत होता, पण त्याचा अर्थ होता घोड्यावर बसून जाणे, स्वारी. 'राइड' या क्रियापदाचा तो सख्खा भाऊ. स्वारी म्हटले की आपल्याकडे जसे दोन अर्थ निघतात, एक मौजेचा आणि एक मारझोडीचा, तसेच तिकडेही होते. शेजाऱ्याच्या मुलखात घोडे घालून लुटालूट करणे हीसुद्धा 'रोड'च. याच शब्दाचे स्कॉटलंडकडचे रूप म्हणजे 'रेड'. ते जवळजवळ विस्मरणात गेले होते, पण एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वॉल्टर स्कॉट याने आपल्या लेखनातून ते पुन्हा चलनात आणले, आणि आज प्राप्तिकर खात्याची धाड पडते तेव्हाही वर्तमानपत्रे त्याच घोडेस्वारांचा शब्द वापरतात. 'इनरोड' या शब्दात तर ती चढाई अजून जशीच्या तशी आहे. एखादी कंपनी परक्या बाजारपेठेत 'इनरोड्स' करते असे म्हणताना तिथे नवा रस्ता बांधला गेल्याचे चित्र डोळ्यांसमोर आणणारा मी एकटाच नसेन. तिथे रस्ता नाही, टापा आहेत.

मग जहाजांचे काय? इंग्रजीत जहाजही नांगरावर 'राइड' करते. लाटेबरोबर वर जाते, खाली येते, जणू घोड्यावर मांड ठोकून बसले आहे. अशा रीतीने जहाजांना स्वस्थपणे डोलता येईल असे किनाऱ्याजवळचे आडोशाचे पाणी म्हणजे 'रोड' किंवा 'रोडस्टेड'. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात 'हॅम्प्टन रोड्स' नावाची जागा आहे. नाव वाचून तिथे एखादा चौक असेल असे वाटते, पण तिथे पाणी आहे, आणि त्याच पाण्यावर मार्च १८६२ मध्ये दोन चिलखती युद्धनौकांची इतिहासातली पहिली झुंज झाली. त्याहूनही जुन्या, हजार वर्षांमागच्या इंग्रजी काव्यात समुद्राला 'व्हेल माशाचा रोड' म्हटलेले आहे. ही उपमा कवीच्या प्रतिभेचा आविष्कार म्हणून मी पूर्वी वाचली होती. आता वाटते, त्या काळच्या श्रोत्याला तिच्यात डांबरी सडक दिसतच नसणार. त्याला दिसला असेल तो देवमाशाचा भटकण्याचा मुलूख, त्याची स्वारी.

ही एक गाठ सुटल्यावर मला छंदच जडला. रस्त्याचा कोणताही इंग्रजी शब्द दिसला की तो उलटा करून त्याची खालची बाजू पाहायची, आणि बहुतेक प्रत्येकाच्या खाली वस्तूऐवजी कुठलीतरी कृती सापडायची. 'ॲव्हेन्यू' म्हणजे येऊन पोहोचणे. 'ॲली' म्हणजे नुसते जाणे, फ्रेंचांचे 'आले'. 'वे' या शब्दामागे वाहून नेण्याचा धातू आहे, आपल्या 'वह्'चाच तो नातेवाईक, म्हणजे 'हायवे' आणि 'वाहन' ही एका कुळातली मंडळी निघाली. 'अवे' म्हणजे वाटेला लागलेला, आणि 'ऑल्वेज', ज्याला आपण काळाचा शब्द समजतो, तो मुळात 'सबंध वाटभर'. इंग्रज माणूस सदैव प्रेम करण्याचे वचन देतो तेव्हा तो खरे तर रस्ता संपेपर्यंतचेच बोलत असतो.

'स्ट्रीट'ची गोष्ट निराळी, कारण हा शब्द फिरणाऱ्यांनी दिलेला नाही, बांधणाऱ्यांनी दिला आहे. रोमन लोक दगड पसरून, थरावर थर देऊन रस्ता करत, आणि त्याला 'विया स्त्राता', म्हणजे पसरलेली वाट, म्हणत. तो 'स्त्राता' आणि संस्कृतातील 'स्तृ' एकाच मुळाचे. त्यामुळे 'विस्तार' आणि 'स्ट्रीट' यांचे दूरचे का होईना, नाते लागते. रोमन ब्रिटनमधून निघून गेले, त्यांचे रस्ते राहिले, आणि मागाहून आलेल्या अँग्लो-सॅक्सन लोकांनी त्या फरसबंद वाटांना 'स्ट्रीट' म्हणायला सुरुवात केली. वॉटलिंग स्ट्रीट, अर्मिन स्ट्रीट ही नावे शहरातल्या गल्ल्यांची नव्हेत, गावोगाव ओलांडत कोसच्या कोस जाणाऱ्या राजमार्गांची आहेत. ज्या गावाजवळ असा रस्ता नदीच्या उतारातून जाई ते गाव झाले स्ट्रॅटफर्ड. पुढे कधीतरी 'स्ट्रीट' शहरात शिरला, दोन्ही बाजूंनी घरे उभी राहिली की तो 'स्ट्रीट', आणि मोकळ्या माळावरचा लांबचा पल्ला 'रोड'ने घेतला. वाक्प्रचारही त्या वाटणीला धरूनच आहेत. 'मॅन इन द स्ट्रीट' म्हणजे सर्वसामान्य नागरिक, पण निघायचे झाले की 'हिट द रोड'. 'स्ट्रीट'ला कोणी हाणत नाही.

या साऱ्यात माझा सर्वांत आवडता शब्द 'रूट'. लॅटिनमध्ये 'रुप्ता' म्हणजे फोडलेली, तोडून काढलेली. झाडोरा तोडून, खडक फोडून मोकळी केलेली वाट. या धाडसी शब्दापासून फ्रेंचांनी 'रूटीन' तयार केला. कोणीतरी घाम गाळून, हातांना घट्टे पाडून जी वाट प्रथम फोडली, तिच्यावरून रोज त्याच वेळी जाणाऱ्याच्या वाट्याला तिचा कंटाळा आला. मराठीने हाच अनुभव अगदी स्वतंत्रपणे घेतलेला आहे, आणि माझ्या मते अधिक नेमका. चाकोरी म्हणजे गाड्यांच्या चाकांनी पडलेली खोल रेघ. तीत चाक एकदा उतरले की बैलांना हाकावे लागत नाही आणि गाडी बाहेरही काढता येत नाही. 'वाट' या शब्दातही चाक आहेच, कारण ज्या 'वर्त्मन्'पासून तो आला त्याचा एक अर्थ चाकोरी असाच आहे. 'मार्ग' मात्र शिकाऱ्याचा. मृगाचा माग काढत जाणे, ते मार्गाचे मूळ. इंग्रज लुटायला निघाला आणि आपण शिकारीला, एवढाच काय तो फरक, तेव्हा संस्कृतीच्या गप्पा कोणी कोणाला सांगू नयेत हे बरे.

दिसायला जुळे असलेले शब्द फसवतात, हेही याच छंदात कळले. 'पाथ' आणि 'पथ' ही जोडी इतकी उघड वाटते की तिच्यावर शंका घेणे उद्धटपणाचे ठरावे. पण भाषाशास्त्रज्ञ तिथेच अडतात. संस्कृतातील आरंभीच्या 'प'चा इंग्रजीत 'फ' होतो, पितृचा 'फादर', पादाचा 'फूट'. मग पथाचा 'प' तसाच कसा राहिला? तेव्हा 'पाथ' हा वारशाने आलेला नसून इराणी भाषांतून उसना घेतलेला असावा, असा एक तर्क आहे. उलट पथाचा खरा रक्ताचा नातेवाईक म्हणून 'फाइंड' या क्रियापदाकडे बोट दाखवले जाते. शोधणे, सापडणे. चालता चालता हाती लागले ते सापडले, असा त्याचा प्रवास असणार.

लॅटिन 'विया'ची पिलावळ तर रस्ता सोडून थेट डोक्यात शिरलेली आहे. रस्त्यात समोरून आडवे येते ते 'ऑब्व्हिअस'. पुढे चालत गेलेला तो 'प्रीव्हिअस'. वाट सोडून आडरानात शिरला तो 'डीव्हिअस', आणि तीन वाटा मिळतात त्या तिठ्यावर उभ्या उभ्या बोलण्याच्या लायकीचे ते 'ट्रिव्हिअल'. मध्ययुगीन विद्यापीठांत व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या तीन विषयांनाही 'ट्रिव्हिअम' म्हणत, त्यामुळे या शब्दाच्या अर्थावर विद्यार्थ्यांचाही हात फिरला असणे शक्य आहे. पण मला तिठ्याची कल्पना सोडवत नाही. तिथल्या गप्पांना क्षुल्लक म्हणणारा माणूस बहुधा घाईत असावा.

आता थोडे गोंधळाविषयी. इंग्लंडातील यॉर्क या शहराविषयी एक चुटका सांगतात, की तिथे रस्त्यांना 'गेट' म्हणतात, गेटांना 'बार' म्हणतात आणि बारांना 'पब' म्हणतात. चुटका असला तरी खोटा नाही. यॉर्कवर एके काळी उत्तरेकडच्या व्हायकिंग लोकांचे राज्य होते, आणि त्यांच्या भाषेत रस्त्याला 'गाता' म्हणत. त्यामुळे स्टोनगेट, मिकलगेट ही तिथल्या रस्त्यांची नावे, आणि मिकलगेटच्या तोंडाशी असलेली तटाची वेस म्हणजे 'मिकलगेट बार'. पॅरिसमध्ये याच्या उलटे झाले. 'बुलेव्हार्ड' म्हणजे मुळात तटबंदी, डच भाषेतील 'बोल्वर्क'. चौदाव्या लुईने १६७० मध्ये शहराचे तट पाडायला घेतले, त्या जागी झाडांच्या रांगांमधून फिरण्याचे रुंद रस्ते झाले, आणि भिंतीचे नाव रस्त्याला चिकटले. 'मॉल' हा शब्दही असाच वाट चुकलेला. लाकडी मोगरीने चेंडू टोलवण्याचा 'पॉल मॉल' नावाचा खेळ लंडनमध्ये ज्या लांबट पट्टीवर चाले, ती पट्टी पुढे फिरायला जाण्याची सावलीची वाट झाली, आणि आज त्या नावाखाली सरकत्या जिन्यांची दुकाने भरतात. 'पेव्हमेंट' या शब्दाने तर अटलांटिकच्या दोन बाजूंना दोन अर्थ धरले आहेत. ब्रिटिश माणूस त्यावर चालतो, अमेरिकन माणूस त्यावर गाडी हाकतो, आणि दोघांपैकी कोणी दुसऱ्याच्या देशात जाऊन सूचना शब्दशः पाळली तर अपघातच व्हायचा.

रस्ते सुधारणाऱ्यांना भाषेने दिलेला मोबदलाही विचित्र आहे. जॉन लाउडन मॅकॅडम हा स्कॉटिश गृहस्थ १८१६ मध्ये ब्रिस्टलच्या रस्त्यांचा प्रमुख झाला आणि त्याने बारीक फोडलेल्या, टोकदार कडांच्या खडीचे थर देऊन, वाहनांच्या वजनानेच ते घट्ट बसतील अशी रस्त्याची रचना रूढ केली. त्याचे नाव रस्त्याला लागले. पुढे १९०२ मध्ये एडगर हूली याने या खडीत डांबर मिसळण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले, तेव्हा मॅकॅडमचे अर्धे नाव कापून त्याला 'टार' जोडले आणि 'टारमॅक' तयार झाला. हूलीचे नाव कुठेच राहिले नाही. मॅकॅडमचे जे 'मॅक' उरले ते असंख्य स्कॉटिश आडनावांत असते आणि त्याचा अर्थ 'मुलगा' एवढाच आहे, त्यामुळे त्याच्याही पदरात फारसे काही पडले असे म्हणता येणार नाही.

वाक्प्रचारांविषयी माझी आवडनिवड सरळ आहे. ज्यात पाय, खूर किंवा चाक अजून हलते आहे ते मला आवडतात, आणि जे सभागृहातल्या पडद्यावर जन्मले ते आवडत नाहीत. 'रोडमॅप' हा शब्द त्या दुसऱ्या प्रकारचा. तो दाखवणाऱ्याला बहुधा कुठेही जायचे नसते. 'वन फॉर द रोड', म्हणजे निघण्यापूर्वीचा शेवटचा पेला, याची गोष्ट फाशीच्या कैद्यांपर्यंत नेतात. टायबर्नच्या वधस्तंभाकडे निघालेली गाडी वाटेत थांबवून कैद्याला एक पेला देत, त्यावरून हा शब्दप्रयोग आला असे सांगतात. टायबर्नच्या फाशा १७८३ मध्ये थांबल्या आणि हा वाक्प्रचार लेखी सापडतो तो विसाव्या शतकात, म्हणून गोष्ट सोडून द्यावी लागते, पण जड मनाने. 'हायवे रॉबरी' म्हणजे अवाच्या सवा किंमत. दरोडेखोर घोड्यावरून उतरला आणि दुकानात जाऊन बसला. याउलट 'किक द कॅन डाउन द रोड' हा अमेरिकन वाक्प्रचार नवा असूनही मला फार गोड वाटतो. अवघड निर्णय पुढे ढकलायचा, कसा, तर रस्त्यातला रिकामा डबा पायाने पुढे उडवायचा, तिथवर चालत जायचे, पुन्हा उडवायचा. त्यात डब्याचा आवाज आहे, आणि ढकलणाऱ्याला होणारा चोरटा आनंदही आहे. मराठीत याच प्रसंगी घोंगडे भिजत पडते. ते हलत नाही, वाजत नाही, दिवसेंदिवस जड होत जाते. दिरंगाईची दोन्ही चित्रे खरी आहेत, फक्त पहिली करणाऱ्याच्या बाजूने काढलेली आहे आणि दुसरी सोसणाऱ्याच्या.

'वाट पाहणे' याला मात्र इंग्रजीत जोड मिळत नाही. 'वेट' आहे, पण त्यात रस्ता नाही. कोणीतरी यायचे आहे आणि तोवर डोळे त्या माणसाच्या जागी त्याच्या रस्त्यावरच लावून बसायचे, हे इंग्रजीने केलेले नाही. आणि 'वाट लागणे' याचे भाषांतर करण्याच्या फंदात मी पडलेलो नाही.

राहता राहिली ती आठ जहाजे. भाषांतरात पहिल्यांदा मी 'बंदराबाहेरच्या आडोशाच्या पाण्यात' असे लिहिले, पण ते फार लांबले आणि जहाजांचे डोलणे त्यातून निघून गेले. मग शोधता शोधता दर्यावर्दी मंडळींचा जुना मराठी शब्द हाती लागला, 'नांगरवाडा'. मी आनंदाने तो घातला आणि मजकूर पाठवून दिला. चार दिवसांनी तपासलेली प्रत परत आली. त्या शब्दाखाली तांबडी रेघ होती, आणि समासात बारीक अक्षरात लिहिले होते : 'समुद्रात वाडा कसा असेल? कृपया मूळ पाहावे.'