माळशिरसच्या मुक्कामी भेटलेले राणे

माऊलींची पालखी धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात शिरते. आम्ही सोलापूरची मंडळी नातेपुत्याला दिंडीत सामील होतो. यंदा माझ्या शेजारी बॉम्बे सॅपर्समधून, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर दलातून, निवृत्त झालेले एक सुभेदार होते. दोन दिवसांत ते सगळ्यांचे सुभेदारमामा झाले.

माळशिरसच्या मुक्कामी जेवणं उरकल्यावर मी विचारलं, "मामा, फौजेतला तुमचा दैवतासारखा माणूस कोण?"

"रामा राघोबा राणे," मामा लगेच म्हणाले आणि मांडी घालून बसले.

राणे कारवारजवळच्या चेंडियाचे, जन्म १९१८ चा. १९४० साली साधे जवान म्हणून भरती झाले, ब्रह्मदेशात जपान्यांशी लढले आणि १९४७ च्या डिसेंबरात अधिकारी झाले. एप्रिल १९४८ मध्ये काश्मीरसाठी पाकिस्तानशी युद्ध चालू होतं, तेव्हा नौशेऱ्याहून राजौरीकडे आपली फौज निघाली होती. शत्रूनं वाटेत सुरुंग पेरले होते, झाडं पाडून रस्ता अडवला होता. तो मोकळा झाल्याशिवाय रणगाड्यांना पुढं सरकता येईना. ८ तारखेला तोफगोळ्यांच्या माऱ्यात राण्यांचे दोन जवान गेले, पाच जखमी झाले. त्या पाचांत राणे स्वतः होते. तरी ते मागं फिरले नाहीत.

इथं मामांनी राहुटीच्या दोन दोऱ्या हातात घेतल्या. राणे रणगाड्याच्या पोटाखालून सरपटत पुढं जात आणि दोरी ओढून चालकाला खूण करत. "ही ओढली की थांब, ही ओढली की चल." मामा खरंच पालथे झाले, कोपरांवर सरकून दाखवू लागले. वर गोळ्या, खाली सुरुंग आणि पाठीवर अख्खा रणगाडा! राहुटीतली सगळी गप्प झाली.

पुढं पाच पाइनच्या झाडांचा अडसर राण्यांनी सुरुंग लावून उडवला. ११ तारखेला तर ते १७ तास राबले. १२ ला राजौरी हाती आली. त्या युद्धात पाच जणांना परमवीर चक्र मिळालं. ते स्वतःच्या हातानं घ्यायला दोघेच उरले होते, करमसिंग आणि राणे. बंदूक चालवणाऱ्याचे पोवाडे आपण गातो, पण वाट मोकळी करणाऱ्याचं नाव आपल्या पोरांना ठाऊक नसतं, याचं मला फार वाईट वाटतं. राणे मेजर म्हणून निवृत्त झाले आणि १९९४ साली पुण्यात वारले.

दुसऱ्या दिवशी खुडूसला रिंगण होतं. अश्व धावायच्या आधी गावची पोरं मैदानातले खडे वेचत होती. मामांनी पताका माझ्या हातात दिली आणि त्यांच्यात जाऊन बसले. बारीकसा खडाही सुटू देत नव्हते. "माऊली, घोड्याच्या टापेखाली एवढाही नको," एका पोराला सांगत होते. मीही मग पताका दुसऱ्याकडं देऊन खाली बसलो.

वाखरीला पंढरपूरच्या मेजर कुणाल गोसावींचा विषय निघाला. २९ नोव्हेंबर २०१६ ला नगरोट्यात अतिरेक्यांशी लढताना ते शहीद झाले. मामांनी टोपी काढून हात जोडले, आणि बाया "रामकृष्णहरी" म्हणत पुढं झाल्या.

आषाढी झाली की मामा कारवारला जाणार आहेत, तिथल्या राण्यांच्या पुतळ्याला हार घालायला. "येतोस?" त्यांनी इसबावीत विचारलं. मी हो म्हटलंय. धाकट्या लेकीलाही नेणार आहे.