पडवळचं ताट : काकडीकडून शेवग्याकडे

मार्च

पडवळ (हिरवा इग्वाना, नर, वय अंदाजे दोन वर्षं) आमच्याकडे आला तेव्हा त्याला जेवण म्हणून तीनच गोष्टी ठाऊक होत्या: काकडी, आइसबर्ग लेट्यूस आणि केळं. आधीचे मालक परदेशी गेले. त्यांनी पिंजरा, दिवे सगळं नीट दिलं, पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवरची नोंदही माझ्या नावावर करून दिली. (ज्यांनी अजून नोंदणी केलेली नाही त्यांनी ती टाळू नका. हिरवा इग्वाना 'साइट्स' या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट दोनमध्ये आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीपासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत असे प्राणी येतात.)

वजन ६९० ग्रॅम, शेपूट सोडून लांबी २७ सेंमी. शेपटीचं मूळ बारीक, स्वभाव गरीब. हा गरीबपणा मला आवडला नाही. या वयाचा धडधाकट नर नव्या घरात चार दिवस तरी शेपटीचे फटके मारतो. एक्स-रेमध्ये मांडीची हाडं फिकट दिसली. जबडा अजून घट्ट होता, म्हणजे वेळ गेलेली नव्हती.

दोष त्या तीन पदार्थांच्या हिशेबात आहे. इग्वानाच्या जेवणात कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट असावं, निदान दीडपट तरी. केळ्यात १०० ग्रॅममागे कॅल्शियम ५ मिलिग्रॅमच्या आसपास आणि फॉस्फरस २२. काकडी आणि आइसबर्गमध्येही फॉस्फरसच वरचढ, बाकी नुसतं पाणी. असं महिनोन्महिने चाललं की शरीर लागणारं कॅल्शियम हाडांतून उपसायला लागतं. मग जबडा रबरासारखा मऊ पडतो, मांड्या सुजून 'गुटगुटीत' दिसतात आणि बोटं थरथरतात. मांड्या भरल्या म्हणून खूश होणारे लोक मी पाहिलेत.

एप्रिल–मे

इग्वानाच्या आहाराच्या परदेशी तक्त्यांमध्ये कोलार्ड, डँडेलियन, एस्कारोल अशा पाल्यांची नावं असतात. पुण्यात ती शोधत फिरण्यात अर्थ नाही, कारण आपल्या मंडईत त्याहून कमी काही मिळत नाही. शेवग्याचा ताजा पाला १०० ग्रॅममागे ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम देतो आणि त्यात फॉस्फरस फार कमी. मुळ्याचा पाला तर भाजीवाल्या मावशी तोडून बाजूलाच टाकतात. "ताई, सशाला का?" असं त्यांनी विचारलं, मी हो म्हटलं. घोरपडीसारखं काहीतरी घरी आहे हे ऐकून पाला मिळणं बंद झालं असतं.

प्रश्न पानं मिळण्याचा नव्हताच, पडवळने ती खाण्याचा होता. पहिल्या वाडग्याकडे त्याने पाहिलंही नाही. उपाशी ठेवून वठणीवर आणायचा सल्ला काहीजण देतात. हाडं कमकुवत असलेल्या जनावरावर तो प्रयोग मी करणार नव्हते. काकडी चालू ठेवली, पण किसून. त्यात शेवग्याची पानं अगदी बारीक चिरून कालवली, इतकी की काकडी वेगळी वेचता येऊ नये. मग दर आठवड्याला काकडी थोडी कमी, पाला थोडा जास्त. केळ्याऐवजी पिकल्या पपईचा गर बोटभर, पानांना चोळून. आणि वर एक लाल जास्वंदीचं फूल. त्या फुलावर तो तुटून पडतो, आणि फुलाबरोबर घास घास पालाही पोटात जातो. मे संपेपर्यंत काकडी बंद झाली. जास्वंदीची कोवळी पानंही आता चालतात.

वेळही ठरवली. सकाळी दिवे लागले की तासभर त्याला शेकू द्यायचं, मग वाडगा. शेकायच्या फांदीवर ३५ अंशांच्या आसपास तापमान हवंच. पानं पचवण्याचं खरं काम त्याच्या मोठ्या आतड्यातले सूक्ष्मजीव करतात आणि अंग थंड असलं तर तेही थंडच राहतात. म्हणून रात्रीचं जेवण नाही. उत्तम पाला आणि गार पिंजरा ही जोडी काहीच कामाची नाही.

याच सूक्ष्मजीवांवरून आठवलं. पनामात कॅथरीन ट्रॉयर या संशोधिकेने दाखवून दिलं होतं (१९८२) की जंगलात नुकती अंड्यातून निघालेली पिल्लं मोठ्या इग्वानांची विष्ठा खातात आणि सूक्ष्मजीवांचं विरजण त्यातून मिळवतात. म्हणजे हा प्राणी पहिल्यापासून पानं खायलाच जन्मलेला. "लहानपणी किडे, मोठेपणी पाला" असं जे अजूनही सांगितलं जातं ते विसरा.

तळमजल्यावरचे काका मात्र ऐकत नाहीत. "अहो, घोरपडीला अंडं द्या, अंगाला लागेल!" घोरपड अंडी खाते, खरं आहे, पण ती मांसाहारी, शिवाय पहिल्या अनुसूचीतली, तिला घरात ठेवणं हा गुन्हा. इग्वानाला अंडी, पनीर, कुत्र्याचं खाद्य देत राहिलं की मूत्रपिंडं जातात. काकांना मी दर वेळी "बघते हं" म्हणते.

जुलै–ऑगस्ट

पावसाळा म्हणजे आमची परीक्षा. पालेभाज्या चिखलाने भरलेल्या, अर्ध्या सडलेल्या आणि महाग. पालक, माठ, चाकवत स्वस्त दिसले तरी रोजच्या वाडग्यात नकोत. त्यांतलं ऑक्झलेट हे आम्ल कॅल्शियम अडकवून ठेवतं. अळू तर अजिबात नको. मोहरीचा पाला चांगला, पण तो कोबीच्या कुळातला, थायरॉइडला जड पडू शकतो, म्हणून त्याच्यावरच भिस्त ठेवायची नाही. पाला फ्रीजरमध्ये साठवायचा मोह होतो; गोठवलेल्या पानांतलं बी-१ जीवनसत्त्व कमी होत जातं, त्यामुळे मी तो चार दिवसांच्या अडचणीपुरताच वापरते.

या दिवसांत खरा आधार गच्चीचा. तुतीची दोन झाडं मोठ्या ड्रममध्ये आहेत आणि पावसात ती थांबायचं नाव घेत नाहीत. लाल भोपळ्याचा वेल कठड्यावर चढवलाय: पानं, फुलं आणि पुढे किसलेला भोपळा, तिन्ही चालतं. नर्सरीतून आणलेल्या रोपाची पानं मात्र लगेच देऊ नका. आत मुरणारं कीटकनाशक मारलेलं असू शकतं. काही महिने थांबा, नवी फूट येऊ द्या. आणि पडवळ मोकळा फिरतो त्या गॅलरीत कण्हेर, बिट्टी, मनी प्लांट, डिफेनबाकिया नको. माझी कण्हेर सोसायटीच्या बागेत गेली.

ऊन नसल्यामुळे सगळा भार यूव्हीबी ट्यूबवर, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणाऱ्या दिव्यावर. पोटात कॅल्शियम कितीही गेलं तरी डी-३ जीवनसत्त्व नसेल तर ते रक्तात उतरत नाही आणि ते या किरणांमुळे कातडीत तयार होतं. काचेतून आलेलं ऊन उपयोगाचं नाही, काच यूव्हीबी अडवते. ट्यूब पेटते म्हणजे चालू आहे, असंही नाही. उजेड तसाच राहतो, यूव्हीबी मात्र घटत जातं. मी खोक्यावर तारीख लिहून ठेवते आणि वर्ष व्हायच्या आत बदलते. फॉस्फरस नसलेली कॅल्शियमची पूड आठवड्यातून दोनतीनदा, चिमूटभर. फार पांढरं केलं की पठ्ठ्या नाक मुरडतो.

नाकावरून एक: तो शिंकतो आणि काचेवर पांढरे शिंतोडे पडतात. ती सर्दी नव्हे. जास्तीचं मीठ तो नाकातून टाकतो.

डिसेंबर

वजन ८६० ग्रॅम, लांबी साडेअठ्ठावीस. शेपटीचं मूळ भरलं. दुसऱ्या एक्स-रेत हाडांच्या कडा स्पष्ट आल्या, डॉक्टर समाधानी. विष्ठा बांधलेली, सोबतचा युरेटचा (घट्ट लघवीचा) भाग पांढरा आणि मऊ. (तो पिवळा, खडबडीत झाला तर पाणी कमी पडतंय असं समजा. मी धुतलेली पानं न पुसता ओलीच देते.) आणि हो, आता तो फटके मारतो. पहिला बसला तेव्हा हातावर वळ उठला आणि मी खूश झाले.

सध्याच्या वाडग्यात बहुतेक पाला: शेवगा, तुती, मुळा, अधूनमधून मेथी आणि मोहरी. थोडा किसलेला भोपळा किंवा घेवड्याच्या शेंगा. फळ चवीपुरतं, अंजीर मिळालं तर अंजीर, त्यात कॅल्शियम फॉस्फरसहून जास्त असतं. थंडीत भूक जरा मंदावली आहे, रात्री सिरॅमिक हीटर लावल्यावर फरक पडला. वाडगा धुतल्यावर हात साबणाने, दर वेळी. माणसाला जुलाब-ताप आणणारा साल्मोनेला जिवाणू धडधाकट इग्वानाच्याही पोटात असू शकतो. वाडगा स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुवायचा नाही, हा आमच्या घरी सासूबाईंनी केलेला नियम आहे आणि तो बरोबर आहे.

जानेवारीत तुती छाटणार आहे. पेन्सिलीच्या जाडीच्या वीतभर काड्या मातीत खोचल्या की सहज फुटतात. कोथरूडच्या आसपास कुणाला हव्या असतील तर आधी सांगा, नाहीतर सगळ्या जातील सोसायटीच्या खतात.