चालू स्थितीत : होय

पोलीस आर्मोरर, म्हणजे खात्याची हत्यारं सांभाळणारा, म्हटलं की लोकांना वाटतं, हा दिवसभर गोळ्या झाडतो. खरं काम तेल, चिंध्या आणि रजिस्टर. अधूनमधून मुद्देमालातलं गावठी हत्यार येतं. तपासी अंमलदाराला तेव्हा एकच उत्तर हवं असतं : चालू स्थितीत आहे की नाही?

कराडकडच्या गावातून आलेलं हे हत्यार मात्र लाखेचं सील फोडताच ओळखलं. अमेरिकन ‘लिबरेटर’ची नक्कल. मूळ पिस्तूल 1942 चं. इंडियानातल्या मोटारींचे दिवे बनवणाऱ्या गाइड लॅम्प कारखान्यानं पत्रा ठोकून त्याचे दहा लाख नग काढले, शत्रूच्या मुलखात लपून लढणाऱ्यांना वाटायला. नळीला आतून आटे नाहीत, एका वेळी एकच गोळी, रिकामं काडतूस काडीनं ढोसून काढायचं. जवळ जाऊन एक शिपाई पाडायचा आणि त्याची बंदूक घ्यायची, एवढाच हिशोब.

नक्कल करणारा पोरगा आयटीआयचा टर्नर. गणपतीत पत्री सरकारचं नाटक होतं, त्यात 1943 च्या शेणोलीच्या रेल्वे लुटीचा प्रवेश. त्यासाठी बनवलं म्हणे. (नाना पाटलांच्या माणसांकडे असलं पिस्तूल होतं, असं मी तरी कधी ऐकलं नाही. पण मोबाइलवर दिसेल ते स्टेजवर!) नाटकाला लाकडाचंही चाललं असतं. पण हातात कसब असलं की पोरं थांबत नाहीत. घोडा मागं ओढून फिरवला की मागची पट्टी वर सरकते; ती त्यानं इतकी साफ बसवलेली की मी कितीतरी वेळ नुसती सरकवत बसलो. बोअर, म्हणजे नळीचं माप, मात्र शिकारी बंदुकीचं 12 चं, कारण गावात त्याला तीच रिकामी काडतुसं मिळाली. आणि नळी? पाण्याचा जोडाचा पाइप!

हातात धरायचा प्रश्नच नव्हता. जुन्या टायरला आवळून बांधलं, भोवती वाळूची पोती, चापाला सुतळी, आम्ही भिंतीआड. ओढलं तर नुसतं टक्. मनात म्हटलं, सुटला पोरगा. बराच वेळ थांबून पाहिलं, तर काडतुसाच्या बुडाच्या टोपीवर, जिच्यावर पिन आदळून बार पेटतो, पिनेचा ठसा अगदी उथळ. पुन्हा घोडा चढवून सुतळी ओढली आणि बार झाला. पट्टी उडून मागच्या पोत्यात रुतली, पाइप जोडावर शिवण उसवावी तसा उसवला. समोरच्या फळीत छर्रे गेले ते थोडेच. धरणाऱ्याची बोटं मात्र नक्की गेली असती.

बिनपरवाना हत्यार बनवलं तर 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं. मी ‘होय’ लिहिलं आणि खाली एक ओळ घातली : ‘एकदाच, झाडणाऱ्यासच जास्त धोका.’ साहेबांनी तिच्यावर लाल पेन फिरवला. “विचारलंय तेवढंच लिहा. बाकी प्रयोगशाळा बघेल.” पक्का अभिप्राय तिथल्या बॅलिस्टिक, म्हणजे हत्यारं-गोळ्या तपासणाऱ्या, विभागाचाच असतो, खरं आहे. पण त्यांच्याकडं गेलं ते फुटलेलं हत्यार. आधीचं पाहिलेला मी.

आता साक्षीचं समन्स आलंय. सरकारी वकील ‘होय’पाशी थांबतील. पुढचा प्रश्न बचावाच्या वकिलानं विचारायला हवा, आणि तो कुठला हे त्याला मी सांगू शकत नाही.