आत्याचे खडे डबीत, पण पिशवी कुठे?

आत्याचं पित्ताशय काढलं, त्याच्या तिसऱ्या दिवशी मी बर्लिनहून सोलापूरला फोन लावला. गड्ड्याच्या यात्रेचे दिवस, घरात पाहुणे. "बारा खडे निघाले बघ, डबीत जपून ठेवलेत," आत्या म्हणाली. शेजारणी येऊन बघूनही गेल्या होत्या. दोन वर्षं तिचं दुखणं "ॲसिडिटी असेल, शेंगाचटणी कमी खा" यावरच निभावलं होतं, त्यामुळे ते खडे दाखवण्यात तिचा जीव होता.

मी विचारलं, "आणि पित्ताची पिशवी?"

दादाने फोन घेतला. बाटलीत घालून दिली होती, "वाटलं तर तपासा" एवढंच सांगून. गड्डा झाला की बघू म्हणून ती कपाटावर ठेवलेली.

"बाटलीत फॉर्मालिन आहे की नुसतं सलाईन?" माझा आवाज चढला. त्याने झाकण थोडं उघडलं. "डोळ्यांना झोंबतंय गं." झोंबतं ते फॉर्मालिन, काढलेला अवयव कुजू नये म्हणून वापरतात ते द्रावण. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. सलाईनमध्ये, म्हणजे नुसत्या मिठाच्या पाण्यात, आतलं नाजूक अस्तर आधी विरघळतं आणि नेमकं तेच बघायचं असतं.

मी इथे बर्लिनमध्ये पॅथॉलॉजीच्या, म्हणजे शरीरातून काढलेले भाग तपासणाऱ्या, लॅबमध्ये काम करते. जगातलं पहिलं पित्ताशय याच शहरात, १८८२ साली लाझारुस रुग्णालयात कार्ल लांगेनबुख यांनी काढलं. माझी ट्राम त्याच रस्त्याने जाते. आमच्याकडे येणारी पिशवी आधी उभी चिरतात. निरोगी असेल तर आतून हिरवट मखमल, भिंत फार तर ३ मिलिमीटर. कोलेस्टेरॉल साठलं की त्या मखमलीवर पिवळे ठिपके उठतात. वर्षानुवर्षं खडे घासले की भिंत जाड, पांढरट, चिवट होते आणि अस्तर स्नायूंच्या थरात खोल घुसतं. त्या खाचांना रोकिटान्स्की आणि आशोफ या दोन पॅथॉलॉजिस्टची नावं आहेत.

मला सगळ्यात अस्वस्थ करतो तो पेशींचा बदल. सततच्या जळजळीने पित्ताशयाच्या पेशी जठरासारख्या, कधी आतड्यासारख्या दिसू लागतात. हे मेटाप्लासिया. क्वचित त्यापुढे डिस्प्लासिया, म्हणजे कॅन्सरच्या आधीची पेशींची बिघडलेली अवस्था, आणि त्याहून क्वचित कॅन्सर. तो बऱ्याचदा सर्जनच्या डोळ्यांना दिसतच नाही. कॅन्सर अस्तरातच असेल तर पिशवी काढली तेवढं सहसा पुरतं. स्नायूत उतरला असेल तर पुन्हा ऑपरेशनचा विचार करावा लागतो. हे खड्यांवरून कळत नाही, भिंतीच्या पातळ कापावरूनच कळतं. म्हणून सांगते, काढलेली पिशवी घरी आणू नका, त्याच दिवशी तपासायला जाऊ द्या.

दादाने दुसऱ्याच दिवशी बाटली पोचवली. आठवड्याने रिपोर्टचा फोटो आला: जुनाट दाह, जठरासारखा मेटाप्लासिया, डिस्प्लासिया नाही, कॅन्सर नाही. मी आत्याला ओळ न् ओळ मराठीत सांगितली.

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मला दुखत होतं ते खरंच होतं ना गं?"

"हो आत्या. भिंत साडेपाच मिलिमीटर झाली होती."