मिस्त्री रस्त्यात आहे

सव्वातीनला आमचं बाथरूम करणाऱ्या मिस्त्रीने एकदाचा फोन उचलला. "रस्ते में हूँ भाभी, बस पाच मिनिट." मागे कुकरची शिट्टी झाली. मुंबईच्या रस्त्यावर काय काय असू शकतं हे माहीत असल्यामुळे मी वाद घातला नाही. त्याला जेवून ये म्हटलं. तर म्हणाला, "नहीं नहीं, गाडी पे हूँ." दुसरी शिट्टी.

8.12ची 8.15ला आली तर फलाटावर अख्ख्या रेल्वेचा उद्धार करणारं हे शहर. त्याच शहरात गवंडी, प्लंबर आणि सुतार मात्र वेगळ्याच पंचांगावर जगतात. 'सोमवारी नक्की' असं त्यांनी सांगितलं की कुठल्या सोमवारी ते आपण विचारायचं नसतं. त्यात आमच्या इमारतीत तोडफोडीला परवानगी सकाळी दहा ते एक आणि दुपारी तीन ते सहा. मधले दोन तास इमारत झोपते. म्हणजे मिस्त्री साडेबाराला उगवला तर हत्यारं काढेपर्यंत वॉचमनचा इंटरकॉम वाजतो.

माझा आणखी एक आजार आहे. येणार म्हटलेला माणूस येईपर्यंत मला दुसरं काही सुचत नाही. कणीक मळायला घ्यावी तर हात भरलेले असतानाच बेल वाजेल असं वाटतं. जरा आडवं व्हावं तर डोळा लागेल आणि तो दारावरून परत जाईल. म्हणून मी खुर्ची दाराकडे वळवून, पेपरमधली राशिभविष्यं सगळ्या राशींची वाचत बसते. नवरा म्हणतो, तू तुझी कामं कर की. त्याला काय जातंय बोलायला, तो ऑफिसात असतो आणि तिथे बाथरूम आहे.

प्लंबर त्यातल्या त्यात सभ्य. केंद्रापाड्याचा. ओडिशातल्या या एका जिल्ह्याने देशभराला प्लंबर पुरवलेत, तिथल्या पट्टामुंडाईत प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्थाच आहे. आमचे गंजलेले जीआय, म्हणजे लोखंडी, पाइप त्याने नुसते ठोकून ओळखले, आणि सीपीव्हीसीची, म्हणजे प्लास्टिकच्या पाइपांची, लाइन भिंतीत अशी सरळ घातली की त्यावर टाइल बसवणं जिवावर यावं. पण नळाचं पाणी शॉवरकडे वळवणाऱ्या डायव्हर्टरपर्यंत आला आणि जूनच्या मध्यावर गावाला निघाला. रज सणाला. त्या दिवसांत धरतीमाता विश्रांती घेते, तिकडे नांगर लावत नाहीत, जमीन खणत नाहीत, हे त्याने मला इतक्या श्रद्धेने सांगितलं की आमची जमीन त्यानेच फूटभर खणून ठेवली आहे, हे बोलायचं राहूनच गेलं. सण तीन दिवसांचा. परतीचं तिकीट वेटिंगवर.

या मंडळींच्यात एक रीत मात्र पक्की. नवा माणूस आला की कमरेवर हात ठेवून भिंतीकडे बघणार आणि विचारणार, "ये किसने किया?" उत्तर ऐकून मान हलवणार. प्लंबरने जुन्या प्लंबरचं काढलं, मिस्त्रीने प्लंबरचं काढलं, इलेक्ट्रिशियनने दोघांचं. एकदा मिस्त्रीने खिडकीखालच्या वाकड्या कडेवर बोट ठेवून हाच प्रश्न केला. मी म्हटलं, तुम्हीच. त्याने पुन्हा एकदा नीट बघितलं. "तब माल खराब था," म्हणाला, आणि ती कड तोडायला घेतली.

आमच्याकडे बाथरूम आणि संडास शेजारी-शेजारी, पाइप एकाच शाफ्टमधून उतरतात, म्हणून दोन्ही एकदम तोडायला काढलं. तेव्हापासून आम्ही समोरच्या काकूंकडे. टॉवेल, कपडे, साबण, सगळं एका बादलीत घालून पॅसेज ओलांडायचा. काकू प्रेमळ आहेत, "गीझर लावून ठेवलाय गं," म्हणून स्वतः हाक मारतात, पण दुसऱ्याच्या न्हाणीघरात माणूस पाहुण्यासारखाच वागतो. त्यांच्या शांपूच्या बाटलीला धक्का लागू देत नाही. आंघोळ झाल्यावर वायपरने कोपरे कोरडे करतो, जाळीवरचा केस उचलतो, निघताना आरशात न बघता निघतो. तिसऱ्या मजल्यावरच्या कोणी लिफ्टचा दरवाजा उघडून मला ओल्या केसांनी बादलीसकट पाहिलं, तेव्हा आम्ही दोघी एकमेकींशी पावसाबद्दल बोललो.

बादली घेऊन आंघोळीला जाणं मला नवीन नाही. लहानपणी लालबागच्या चाळीत आमची मोरी स्वयंपाकाच्या कोपऱ्यात होती, वीतभर कठड्याची, समोर आजीच्या जुन्या नऊवारीचा पडदा. आत कोणी असलं की बाहेर पोळ्या करणारी आई तोंड भिंतीकडे करून लाटायची, इतकाच आडोसा. मोरी गळायला लागली की खालच्या खोलीतले भाऊ छताकडे बोट दाखवत वर यायचे आणि येत्या रविवारी बाबा धोतर खोचून बसायचे. सिमेंट चाळून, पाण्यात दाट कालवून, ते बोटाने फटीत भरायचे आणि वर थापीऐवजी आईचं उलथनं फिरवायचे. दिवाळीपर्यंत टिकायचं. मिस्त्री त्यांनी कधी बोलावला नाही. म्हणायचे, मिस्त्री एकदा घरात आला की तो घरचाच होतो, मग त्याला 'जा' कसं म्हणणार?

संडास गॅलरीच्या टोकाला, मजल्याला सामाईक. पहाटे रांगेत माणसांआधी डबे उभे असत. डबा ठेवायचा, घरी जाऊन चहा प्यायचा, आणि आपल्या डब्याचा नंबर आला की गॅलरीतून कोणीतरी हाक मारायचं. डब्याचा नंबर कोणी तोडलेला आठवत नाही. वरळी-नायगावच्या बीडीडी चाळींमधल्या 160 चौरस फुटांच्या खोल्यांच्या जागी आता 500 चौरस फुटांचे फ्लॅट होताहेत. संडास घरात, दाराला आतून कडी. आमच्या पिढीला त्या कडीची किंमत विचारावी.

तर मिस्त्री. त्या दिवशी तो साडेचारला आला, ढेकर देत. सोबत बिगारी, घमेलं, ग्राइंडर. टाइल्स गुजरातमधल्या मोरबीच्या, एक बाय दोन फुटांच्या. आदल्या खेपेला लावलेल्या भिंतीपुढे तो उकिडवा बसला आणि थापीच्या दांड्याने एकेक टाइल वाजवू लागला. टक, टक, टक. डोळे मिटलेले. एकीवर थांबला, तिचा आवाज बद्द होता. मला तर सगळ्या सारख्याच वाटल्या. पुन्हा वाजवली, मान तिरकी केली, आणि छिन्नी घालून ती अख्खी टाइल उखडली. मागे रुपयाएवढ्या जागी माल, म्हणजे कालवलेलं सिमेंट, पोचला नव्हता. कोणी विचारलं नसतं, कोणाला कळलंही नसतं. मग जमिनीवर मगभर पाणी ओतून ते पाणी जायच्या जाळीकडे, नहाणी ट्रॅपकडे, कसं जातं ते बघत राहिला. पाणी दाराजवळ क्षणभर रेंगाळलं. "ढाल कम है," स्वतःशीच म्हणाला, आणि उद्याचं काम परवावर गेलं. त्यापूर्वी कोब्यावर, म्हणजे टाइलखालच्या सिमेंटच्या थरावर, पाणी भरून ठेवायच्या चाचणीलाही त्याने असाच हट्ट केला होता. ट्रॅपला बोळा, दारात विटांचा बांध, पूर्ण 48 तास. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ टॉर्च घेऊन स्वतःच्या छताखाली दोन संध्याकाळी उभे राहिले आणि काही गळत नाही म्हणून थोडे हिरमुसले.

याच्या शब्दावर चहासुद्धा टाकू नये, पण भिंत खुशाल सोपवावी. वेळेवर येणारा एक होता, त्याने स्वयंपाकघर केलं. त्याची कथा मी सांगत नाही, ओटा सांगेल.

मला खटकायचं ते वेगळंच. आल्यावरही हा अधूनमधून गायब होई. अर्धा तास, पाऊण तास, आणि नेमका माल कालवायच्या आधी. बिगारी वाळू चाळत बसलेला. बिडी असेल, दुसऱ्या साइटवर चक्कर असेल, असे तर्क मी खुर्चीत बसून केले. त्या दिवशी परत आला तेव्हा घामाने निथळत होता. मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, जाता कुठे हो तुम्ही?

"भाभी, बाथरूम तो आपका हमने ही तोड़ा ना," तो म्हणाला. रागाने नाही. टाइल पाण्यात बुडवता बुडवता.

माल एकदा कालवला की सोडून जाता येत नाही, सिमेंट थांबत नाही. म्हणून तो आधी जाऊन येतो. चार मजले उतरून, कारण कामगारांनी लिफ्ट वापरायची नाही असा बोर्ड आहे. खाली वॉचमनचा संडास आहे, त्याला कुलूप, किल्ली वॉचमनकडे, आणि वॉचमनला सक्त ताकीद. मग स्टेशनजवळचा, पैसे देऊन वापरायचा. तिथे रांग. तीस वर्षं तो मुंबईत लोकांचे संडास बांधतोय आणि कुर्ल्यात त्याच्या खोलीला नाही.

संध्याकाळी मी सेक्रेटरींना गाठलं. ते म्हणाले, मुद्दा योग्य आहे, सप्टेंबरच्या वार्षिक सभेत विषय घेऊ, लेखी द्या. लेखी दिलं. काकूंना विचारलं, त्या हो म्हणाल्या, पण मग जरा थांबून म्हणाल्या, "तो येईल का गं आमच्याकडे?" त्याला सांगितलं तर त्याने कानाला हात लावले.

कमोड पुढच्या आठवड्यात बसेल, असं तो म्हणतो. मी त्याला म्हटलं, पहिल्यांदा तुम्हीच वापरा. तो हसला आणि म्हणाला, बसवल्यावर चोवीस तास कोणीच वापरायचा नाही, सिमेंट धरायला हवं. आणि चोवीस तासांनी तो दुसऱ्या कोणाच्या तरी चौथ्या मजल्यावर असेल.