चमच्याची पाठ

चमचा आपण आयुष्यभर तोंडाच्या बाजूनं पाहतो. त्याची पाठ दिसते ती भांडी घासणाऱ्याला, आणि तिथलं वाचत बसायला त्याला सवड नसते. बेळगावच्या कॅम्प भागात, निपाणी-खानापूरच्या जुन्या घरांत, ट्रंकेच्या तळाशी अर्धा डझन काळवंडलेले चमचे निघतात तेव्हा त्यांच्याबद्दल घरात दोनच मतं असतात. ते चांदीचे आहेत आणि ते साहेबाचे आहेत. पहिलं मत बहुधा सराफाच्या पेढीवर संपतं. तो चमचा उलटा करतो, भिंग लावतो आणि 'बेळ्ळी अल्ल री', चांदी नव्हे हो, म्हणून परत देतो. दुसऱ्याचा निकाल लावायला मात्र तीच पाठ नीट वाचावी लागते.

पाठीवर इंग्रजीत ई.पी.एन.एस. ही चार अक्षरं असली, तर निकेल सिल्व्हरच्या चमच्यावर विजेच्या साह्यानं चांदीचं पाणी चढवलेलं आहे. निकेल सिल्व्हरमध्ये सिल्व्हर औषधालाही नसतं. तांबं, निकेल आणि जस्त, बस्स. त्याचंच दुसरं नाव जर्मन सिल्व्हर. इथं आपला हमखास घोटाळा होतो, कारण आपल्याकडे 'जर्मनचं पातेलं' म्हणजे ॲल्युमिनियमचं. हातात घेतलं की फरक कळतो. हा जर्मन वजनदार असतो, तो जर्मन वाऱ्यानं उडेल असा. ई.पी.बी.एम. असेल तर आतला धातू ब्रिटानिया, म्हणजे मुख्यतः कथील. चमच्यांपेक्षा चहाच्या किटल्यांवर ही अक्षरं जास्त दिसतात, आणि अशी किटली शेगडीवर ठेवली की तिचा गोळा होतो. चुंबक लावून पाहण्याचा काही उपयोग नाही. चांदीला तो चिकटत नाही आणि निकेल सिल्व्हरलाही नाही.

खरी गंमत नावांची आहे. आपल्याकडे प्रत्येक भांड्यावर नाव घालायची रीत असल्यामुळे कुठलीही अक्षरं दिसली की आपण ती मालकाची समजतो. चमच्यावर नावं तीन तऱ्हांची असू शकतात: मालकाचं, विकणाऱ्याचं आणि बनवणाऱ्याचं. मालकाचं बहुधा पुढच्या बाजूला, दांड्यावर, कोरलेलं असतं. कोरीव रेघ कुठे जाड, कुठे केसाएवढी बारीक असते. एम.एस.एम.आर. असं कोरलेलं दिसलं, तर ते १९०८ साली दोन कंपन्या एक होऊन झालेल्या मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेचं असण्याचा संभव मोठा. रेल्वेनं चमचे वापरले, बनवले नाहीत. बनवणाऱ्याची खूण ठोकलेली असते. तिची खोली सगळीकडे सारखी, आणि अक्षराभोवती बऱ्याचदा ढालीची किंवा चौकोनाची कड. आर्मी अँड नेव्ही हे नाव ठोकलेलं असलं, तरी ते दुकानाचं. मुंबईत काळा घोड्याजवळ त्यांची इमारत अजून उभी आहे.

ठसा वाचायच्या आधी चमचा चमकवू नका. कोमट साबणपाणी, मऊ ब्रश, एवढंच. चिंच, राख, भांड्यांची पावडर यातलं काहीही लावलं तर उरलेला मुलामाही जातो आणि अक्षरांच्या कडा बोथट होतात. मग चमचा खिडकीपाशी आडव्या उजेडात धरा. दहापट मोठं दाखवणारं सराफी भिंग उत्तम. नाहीतर मोबाइलनं फोटो काढून मोठा करा. तरीही लागत नसेल, तर ठशावर चिमूटभर तांदळाची पिठी बोटानं दाबून वरची पुसून टाका, अक्षरं पांढरी उठतात. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो ती युक्तीही चालते.

ढालीत ई अँड को असेल आणि जुन्या नगावर वर मुकुट, तर तो बर्मिंगहॅमचा एल्किंग्टन. विजेच्या मुलाम्याचं १८४० चं पेटंट त्यांचंच. ते वर्षागणिक एक अक्षरही ठोकत, त्यामुळे ते एकटं अक्षर नजरेआड करू नका. लहान निशाणात डब्ल्यू अँड एच म्हणजे शेफील्डचे वॉकर अँड हॉल. तुतारी असेल तर तिथलेच जेम्स डिक्सन. '१८४७ रॉजर्स ब्रदर्स' वाचून चमचा पावणेदोनशे वर्षांचा ठरवणारे पुष्कळ भेटतात. ते साल अमेरिकन छापाच्या नावातलंच आहे, चमच्याचं जन्मसाल नव्हे. जर्मनीच्या डब्ल्यूएमएफ कंपनीचा ९० हाही शुद्धतेचा आकडा नाही. बारा मोठे चमचे आणि बारा काटे मिळून ९० ग्रॅम चांदी, म्हणजे नगामागे पावणेचार ग्रॅम. वितळवायला नेणाऱ्यानं हा हिशोब आधी करावा.

सर्वांत फसवी ती ओळीनं ठोकलेली चिमुकली चौकटबंद अक्षरं. मुलामावाले ती मुद्दाम अस्सल चांदीच्या हॉलमार्कसारखी दिसतील अशी मांडत. इंग्लंडच्या स्टर्लिंगवर, म्हणजे अस्सल चांदीवर, चालत्या सिंहाचा ठसा असतो. तो नसेल तर मुकुटावर विसंबू नका. शेफील्डच्या खऱ्या चांदीवर १९७४ पर्यंत मुकुट होता, आणि एकेकाळी मुलामावाल्यांनीही तो सर्रास वापरला. आरडी आणि पुढे लांबलचक आकडा असेल, तर ती नक्षीच्या नोंदणीची संख्या. ही मालिका १८८४ ला एकपासून सुरू झाली आणि १९०० च्या सुमारास साडेतीन लाखांवर गेली. आकड्यावरून नोंदणीचं साल काढलं, तरी चमचा त्या सालच्या आधीचा नाही एवढंच ठरतं. नंतरचा कितीही असू शकतो.

खोलगट भागाची पाठ टेबलाला टेकते तिथला मुलामा आधी उडतो. ते पाहून लोक बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वस्तीत कुणाकडे तरी प्लेटिंगला देतात. दोन गोष्टी आधी विचारा: चढवणार चांदी की निकेल? आणि बफ, म्हणजे चकाकी आणणारं फिरतं चाक, किती मारणार? बफच्या चाकाखाली नक्षी टिकते, बारीक ठसे पुसले जातात. निदान आधी सगळ्या पाठींचे फोटो काढून ठेवा.

सगळ्या, हे महत्त्वाचं. एक चमचा पाहून सहाही एकाच घराण्याचे ठरवू नका. डझनातले हरवले की मालक मिळतील तसे आणून भरती करी आणि सगळ्यांवर पुढून तीच अक्षरं कोरून घेई. पुढून सहाही भावंडं दिसतात. उलटे करून ओळीनं मांडले की त्यातले दोन शेफील्डचे निघतात, तीन बर्मिंगहॅमचे, आणि एकाची पाठ कोरी.